उमेदवार नटाचा उदरनिर्वाह

अभिनयकलेविषयीं आपल्याकडे पुष्कळ बोललें जातें. नटाच्या वाणीविषयीं, त्याच्या मुद्राभिनयाविषयीं, त्याच्या कीर्तीविषयीं आणि क्वचित् त्याच्या व्यसनांविषयींहि. परंतु ज्या दिवशीं त्याला काम नसतें त्या दिवशीं तो जेवतो कोठें, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाहीं. आज मी तोच विचारणार आहें. अंधेरी, वर्सोवा, गोरेगांव, मालाड या मुंबईच्या उपनगरांतून किती तरी तरुण-तरुणी भूमिका मिळण्याच्या आशेवर दिवस काढीत असतात. त्यांतला एखादा आपल्याच घरांतून गेलेला असतो, किंवा परीक्षा झाली कीं जातों, असें म्हणत असतो. त्याच्या अंगीं गुण आहेत कीं नाहींत याचा वाद घरांत नेहमींच रंगतो. पोटाची व्यवस्था कशी होणार, याचा विचार मात्र त्या वादांत राहून जातो.

नटाचें काम मुळांतच खंडित. कारकुनाला किंवा शिक्षकाला रोज काम असतें. नटाला चार दिवस असतें आणि चाळीस दिवस नसतें. या चाळीस दिवसांत त्याला पोसतो कोण? ज्या काळानें या प्रश्नाचें जें उत्तर दिलें, त्याप्रमाणें त्या काळच्या नटाचें आयुष्य घडलें.

नाटक मंडळ्यांच्या काळीं उत्तर सरळ होतें. मंडळी पोसत असे. किर्लोस्कर मंडळी घ्या, कीं १९१३ सालीं निघालेली गंधर्व नाटक मंडळी घ्या, तिचें बिऱ्हाड गांवोगांव हिंडे आणि बिऱ्हाडाबरोबर तिचा मुदपाकखानाहि हिंडे. लहान नटाच्या हातावर पडणारा पगार बेताचाच, आणि तोहि कधीं कधीं थके. पण आज प्रयोग नाहीं म्हणून पान वाढावयाचें राहत नसे. अर्थात् या आश्रयाची किंमतहि मोजावी लागे. मालकाची मर्जी गेली कीं पानहि गेलें. शाळा सोडून आलेल्या पोरांना दुसरी कोणतीच विद्या येत नसे, हें विसरून त्या दिवसांचे गोडवे गाणें बरें नव्हे.

बोलपट आला आणि आश्रयदाता बदलला. कुलाब्यापासून बोरिवलीपर्यंत विजेच्या गाड्या १९२८ सालींच धांवूं लागल्या होत्या. उपनगरांत जमीन स्वस्त होती आणि ध्वनिमुद्रणाला हवी असलेली शांतताहि होती. १९३४ सालीं हिमांशु राय आणि देविकाराणी यांनीं मालाडला बॉम्बे टॉकीज काढली. तेथील नट हा कंपनीचा पगारदार नोकर असे. अशोककुमार तर तेथल्या रसायनशाळेंत काम करीत होते. तेथून उचलून त्यांना १९३६ सालच्या ‘जीवन नैया’ या चित्रपटांत नायक म्हणून उभें करण्यांत आलें. दिलीपकुमार यांना देविकाराणींनीं १९४२ सालीं दरमहा १२५० रुपयांवर नेमलें. त्यांचा पहिला बोलपट ‘ज्वार भाटा’ लोकांपुढें आला तो १९४४ सालीं! मधल्या काळांत इतरांचें चित्रीकरण पाहावें आणि शिकावें, हेंच त्यांचें काम. इतका पगार सर्वांना मिळत नसे हें उघडच आहे. पण उमेदवारीच्या काळाचा खर्च नटानें नव्हे, कंपनीनें सोसावयाचा, हें तत्त्व त्यांत होतें.

तें फार काळ टिकलें नाहीं. १९४३ सालीं बॉम्बे टॉकीजमधलीच मंडळी फुटून गोरेगांवला फिल्मिस्तान निघालें. युद्धकाळांतला पैसा चित्रव्यवसायांत शिरला, आणि प्रसिद्ध नटांना कंपनीच्या पगारापेक्षां दर चित्रामागें करार करणें अधिक लाभाचें वाटूं लागलें. त्यांना तें लाभलेंहि. परंतु मोठा नट पगारांतून सुटला तसा लहान नटहि पगारांतून सुटला, आणि त्याचें सुटणें म्हणजे रस्त्यावर येणें होतें. १९५० नंतर थोड्याच वर्षांत बॉम्बे टॉकीज बंद पडली.

यावर मराठी नटानें स्वतःपुरती एक तोड काढली होती. ती म्हणजे नोकरी. अशोक सराफ हे स्टेट बँकेंत नोकरी करीत रंगभूमीवर वावरत होते. १९७५ सालच्या ‘पांडू हवालदार’नें त्यांचें नांव घरोघर पोंचलें. रीमा लागू युनियन बँकेंत होत्या. काशीनाथ घाणेकर दंतवैद्य होते, आणि डॉ. श्रीराम लागू यांनीं आपला वैद्यकीचा व्यवसाय सोडून पूर्ण वेळ नट होण्याचें ठरविलें तें १९६९ सालीं, वयाची चाळिशी उलटल्यावर. ही व्यवस्था चालली याचें कारण मराठी नाटक नोकरदाराच्या दिनक्रमांत बसत असे. तालीम संध्याकाळीं, प्रयोग रात्रीं किंवा रविवारीं. नटाला दर प्रयोगाचे पैसे मिळत, त्याला या धंद्यांत ‘नाईट’ म्हणतात. तालमीचे बहुधा कांहीं मिळत नसे. पण महिन्याच्या अखेरीस पगार येत असल्यामुळें तें खपून जाई. बँकांच्या आपसांत नाट्यस्पर्धा होत, आणि ढाल जिंकून आणणाऱ्या कारकुनाला वरिष्ठहि थोडी मोकळीक देत. माझ्या मतें मराठी रंगभूमीला या बँकांनीं जेवढें पोसलें तेवढें संस्थानिकांनींहि पोसलें नसेल. पण त्यांचे आभार कोणत्याहि नाटकाच्या जाहिरातींत छापलेले नाहींत.

आज मात्र ही तोड बहुतेक निकामी झाली आहे. बँकांतली भरती पूर्वीसारखी राहिली नाहीं हें एक. दुसरें अधिक महत्त्वाचें. १९७७ सालीं गोरेगांवला चित्रनगरी उभी राहिली, १९७८ सालीं जुहूला पृथ्वी थिएटर सुरू झालें, आणि १९९२ पासून उपग्रह वाहिन्या आल्या. त्यांनीं मालिकांचा रोजचा रतीब घातला. कामाचें केंद्र अंधेरी पश्चिमेस सरकलें, आणि तें काम दिवसाचें होतें, बाराबारा तासांचें. दहा ते पांचच्या नोकरींत तें बसूं शकत नाहीं.

वर्सोव्याच्या आरामनगरांत जुन्या बैठ्या घरांतून भूमिकांची निवड करणाऱ्यांचीं कार्यालयें थाटलीं गेलीं. उमेदवार नट सकाळीं निघतो तो पिशवींत दोन सदरे घेऊन, एक हवालदाराच्या भूमिकेला शोभेल असा व दुसरा वकिलाच्या. दारांतला मनुष्य चेहरा पाहून ‘फिट’ किंवा ‘नॉट फिट’ एवढेंच सांगतो. आंत प्रवेश मिळाला तर कॅमेऱ्यापुढें नांव, वय व उंची सांगावयाची, डावी-उजवी बाजू दाखवावयाची आणि चार वाक्यें म्हणावयाचीं. २०२० च्या महामारीनंतर यांतलें बरेंचसें खोलींतच होऊं लागलें. भिंतीपुढें उभें राहून मोबाइलवर चित्रण करावयाचें, समोरच्या पात्राचीं वाक्यें खोलींतल्या सोबत्यानें वाचावयाचीं. निवड न झाल्याचें बहुधा कोणी कळवीत नाहीं. उत्तर आलें नाहीं, हेंच उत्तर.

येथें खरी अडचण नीट समजून घेतली पाहिजे. बोलावणें येतें तें आज संध्याकाळीं, उद्यां सकाळसाठीं. म्हणून नटाला सदैव मोकळें राहावें लागतें, आणि सदैव मोकळ्या माणसाला चांगली नोकरी कोण देणार? त्याला तींच कामें धरतां येतात जीं एका निरोपावर सोडतां येतील. परभाषेंतील चित्रांना आवाज देणें, मुलांचे नाट्यवर्ग घेणें, समारंभांत सूत्रसंचालन करणें, अशीं तीं कामें. तींहि नियमित नसतात. मुंबईंत नटाला सर्वांत महाग काय पडत असेल तर तें घरभाडें नव्हे, हें मोकळेपण. घरभाडेंहि कांहीं कमी नाहीं, हें खरेंच. चौघेपांच जण मिळून एक बिऱ्हाड घेतात. करार अकरा महिन्यांचा, अनामत रक्कम आगाऊ, दलालाची दलाली निराळी, आणि एकट्या तरुणांना जागा देण्यास घरमालक नाखूष.

शिवाय काम मिळालें म्हणजे पैसे मिळाले असेंहि नाहीं. मालिकांच्या व्यवसायांत मोबदला नव्वद दिवसांनीं देण्याची चाल आहे. जूनमध्यें केलेल्या कामाचे पैसे गणपति येऊन जातील, तेव्हां हातीं पडावयाचे. त्यांतून काम मिळवून देणाऱ्या मध्यस्थाचा हिस्सा जातो. म्हणजे यशस्वी झालेल्या उमेदवारालाहि पहिले तीन महिने कोणी तरी जगवावें लागतें.

या संदर्भांत नवाजुद्दीन सिद्दीकी यांचें नांव हटकून घेतलें जातें. राष्ट्रीय नाट्य विद्यालयांतून ते १९९६ सालीं बाहेर पडले. १९९९ सालीं ‘सरफरोश’मध्यें त्यांची लहानशी भूमिका होती, आणि लोकांनीं त्यांना ओळखलें तें २०१२ सालीं. ही चिकाटी थोर खरीच. पण ही कथा शेवटाकडून मागें वाचली जाते. चौथ्या-पांचव्या वर्षीं गांवीं परतलेल्यांचीं वर्षें कोणी मोजीत नाहीं. त्यांची चिकाटी कमी होती कीं गांठीचे पैसे कमी होते, हें कोण सांगणार?

मुलुंड, घाटकोपर, बोरिवली येथल्या मराठी घरांतलें मूल या स्पर्धेंत उतरतें तेव्हां त्याच्याजवळ एक मोठें भांडवल असतें. रात्रीं तें घरीं येऊन जेवतें. मुलुंडला कालिदास नाट्यमंदिर, बोरिवलीला प्रबोधनकार ठाकरे नाट्यमंदिर, पार्ल्याला दीनानाथ नाट्यगृह हाकेच्या अंतरावर. एकांकिकांच्या स्पर्धांतून ओळखी झालेल्या. परप्रांतांतून आलेल्या उमेदवाराला यांतलें कांहींच नसतें. नाटक मंडळीचा मुदपाकखाना गेला, मालाडचा पगार गेला, बँकेचें टेबल गेलें. आतां तें ओझें घराच्या चुलीवर आलें आहे. आईबाप हें न बोलतां सोसतात, मुलगा न बोलतां घेतो, आणि तिसऱ्या वर्षीं एखाद्या क्षुल्लक कारणावरून भडका उडतो. त्यापेक्षां आरंभींच उघड बोलणें बरें. किती वर्षें, दरमहा किती, आणि त्यानंतर काय.

बोलतांना व्यवहाराच्या दोनतीन गोष्टीहि ठरवून घ्याव्या. भूमिका देण्यासाठीं नटाकडूनच नोंदणीचे किंवा छायाचित्रांचे पैसे मागणाऱ्याकडे पुन्हां जाऊं नये. निवडीसाठीं घरीं किंवा हॉटेलच्या खोलींत बोलावणें आल्यास मुलीनें जाऊं नये, मुलानेंहि जाऊं नये. कामाच्या अटी, निदान संदेशानें तरी, लिहून घ्याव्या. आणि एक वही ठेवावी, तींत दोन रकाने: एकांत काम केल्याचा दिवस, दुसऱ्यांत पैसे मिळाल्याचा. नव्वद दिवस उलटूनहि दुसरा रकाना कोरा राहिला, तर कलावंतांच्या संघटनेकडे तक्रार नेतांना हीच वही उपयोगी पडते.