द्वि-आरंभण
द्वि-आरंभण : एकाच संगणकावर दोन परिचालन प्रणाली बसवून, संगणक सुरू करताना त्यांपैकी एकीची निवड करण्याची पद्धत. व्यवहारात हिला ‘ड्युअल बूट’ म्हणतात. लॅपटॉपवर मूळच्या विंडोजबरोबर लिनक्स बसविणे, हे तिचे परिचित उदाहरण होय. एका वेळी एकच प्रणाली कार्यरत असल्यामुळे तिला संगणकाची सर्व स्मृती व प्रक्रियकाची पूर्ण क्षमता उपलब्ध होते.

प्रथम विंडोजचा विभाग आकुंचित करून डिस्कवर मोकळी जागा करतात व तीत लिनक्सचे विभाग पाडतात. विभागांच्या सीमा विभाग-कोष्टकात नोंदलेल्या असतात. जुन्या एमबीआर कोष्टकात चारच प्राथमिक विभाग मावतात. जीपीटी कोष्टकात सामान्यतः १२८ नोंदींची सोय असते. संगणक सुरू होताच ‘ग्रब’ हा आरंभक प्रणालींची यादी दाखवितो.

कोष्टकातील नोंद बिघडल्यास दोन्ही प्रणालींतील माहिती हाती लागेनाशी होते. म्हणून तिची प्रत अगोदर दुसऱ्या डिस्कवर घेणे आवश्यक असते. विभाग बिटलॉकरने कूटबद्ध असल्यास त्याची पुनःप्राप्ती-किल्लीही जवळ असावी लागते. संगणकाच्या अंतर्गत घड्याळातील वेळ विंडोज स्थानिक, तर लिनक्स सामान्यतः जागतिक प्रमाणवेळ मानते. त्यामुळे भारतात प्रणाली बदलल्यावर ५ तास ३० मिनिटांचा फरक दिसू शकतो. लिनक्समध्ये स्थानिक वेळेची योजना केल्यास तो नाहीसा होतो.