हात वर

ह्यूस्टनच्या पश्चिमेला, एका हायस्कूलच्या मैदानाच्या कुंपणाला टेकून मी 2012 चा अख्खा ऑगस्ट काढला. मुलगा अमेरिकन फुटबॉलमध्ये डिफेन्सिव्ह एंड म्हणून खेळू लागला होता. त्याच्या प्रशिक्षकांच्या हातात एक काठी असायची आणि काठीच्या टोकाला बांधलेला फुटबॉल. पोरं एक हात गवतात रोवून ओणवी व्हायची, नजर त्या चेंडूवर. प्रशिक्षक ओरडून हूल द्यायचे, पाय आपटायचे. कुणी हललं की पुन्हा पहिल्यापासून. चेंडू बोटभर सरकला की मगच सुटायचं. या कामात कानांवर विसंबायचं नाही, डोळ्यांवरच भिस्त.

डिफेन्सिव्ह एंड म्हणजे बचावफळीच्या टोकाचा गडी. कबड्डीतला कोपरा आठवा. फरक इतकाच, की इथे चढाई कोपऱ्यानेच करायची. समोर सव्वाशे-दीडशे किलोचा माणूस वाट अडवून उभा, त्याच्या मागे पास फेकणारा क्वार्टरबॅक. क्वार्टरबॅकच्या हातून चेंडू सुटायला साधारण अडीच सेकंद लागतात. तेवढ्यात त्याला पाडलं तर ती सॅक. दोघांनी मिळून पाडलं तर अर्धी-अर्धी.

ही लढाई पायांपेक्षा हातांची आहे, हे मला मुलाची बोटं पाहून कळलं. समोरचा छातीवर पंजे रोवायला बघतो. ते रोवले गेले की खेळ खलास. त्याआधी त्याचे हात फटक्याने खाली झोडपायचे, खांदा वळवून फटीत घुसवायचा. रोज रात्री मुलाच्या बोटांवरची चिकटपट्टी मी कात्रीने सोडवायचो. आतली कातडी पांढरी पडून सुरकुतलेली, कोपराखाली काळेनिळे वळ. "दुखतंय का रे?" विचारलं तर म्हणायचा, "बाबा, आज दोनदा आत घुसलो."

घुसता आलं नाही तर काय, याचंही उत्तर प्रशिक्षकांकडे होतं: हात वर. क्वार्टरबॅकचा खांदा मागे गेला की जिथे असशील तिथून उडी मार आणि पास अडव. आपल्या भाषेत हात वर करणं म्हणजे जबाबदारी झटकणं. या धंद्यात ते नेमकं उलटं आहे.

त्याच वर्षी हे सगळ्यांत सुंदर करून दाखवलं आमच्या गावच्या टेक्सन्स संघाच्या जे. जे. वॉटने. जर्सी नंबर 99. एकेकाळी कॉलेज बदलण्याच्या काळात घरोघरी पिझ्झा पोहोचवणारा हा मुलगा शिष्यवृत्तीशिवाय विस्कॉन्सिनच्या संघात शिरला. 2011 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, टेक्सन्सने त्याला अकराव्या क्रमांकावर घेतलं, तेव्हा इथल्याच चाहत्यांनी हुर्यो उडवली होती. पहिल्या हंगामात साडेपाच सॅक. दुसऱ्या वर्षी सरावातच डावं कोपर निखळलं. कोपराला आधारपट्टा बांधून तो उतरला आणि हंगामअखेर सॅकचा आकडा होता 20.5, एका हंगामातल्या विक्रमाला फक्त दोन कमी. वर्षाचा सर्वोत्तम बचावपटूही तोच ठरला.

मला मात्र दुसरा आकडा मोठा वाटतो. त्या हंगामात त्याने 16 पास हाताने अडवले. पास अडवणं हे खरं तर पाठीमागच्या, चपळ गड्यांचं काम. पुढच्या फळीतल्या एकशेतीस किलोच्या माणसाने ते इतक्या वेळा करावं, हे विरळाच. मुलगा आणि मी टीव्हीवर सामना थांबवून थांबवून पाहायचो. वॉट अडला, हे दिसायचं. पण अडला तरी मान खाली जायची नाही. एका हाताने समोरच्याला दूर रेटत त्याची नजर क्वार्टरबॅकच्या खांद्यावर. मग तो लांबलचक हात.

2014 मध्ये त्याने पुन्हा 20.5 सॅक केल्या. दोन हंगामांत विसाचा टप्पा ओलांडणारा तो पहिलाच. पुढे शरीराने हिशेब मागितला. 2016 मध्ये पाठीवर शस्त्रक्रिया, अवघे तीन सामने. 2017 मध्ये पाचव्याच सामन्यात गुडघ्याखालचं हाड मोडलं.

त्या दोन दुखापतींच्या मधेच हार्वे वादळ आलं. आमच्या गल्लीत कमरेइतकं पाणी होतं. भिजलेल्या गाद्या आणि भिंतींचे पत्रे रस्त्याकडेला रचलेले मी महिनाभर पाहिले. वॉटने दोन लाख डॉलर जमवायचे म्हणून आवाहन केलं होतं. जमले तीन कोटी सत्तर लाखांहून जास्त. मदतीचे ट्रक उतरवताना हा माणूस खोकी हातोहात पुढे देत होता.

लोक 2012 च्या आठवणी काढतात. माझं मत 2018 ला. पाठ आणि पाय दोन्ही गेल्यावर, एकोणतिसाव्या वर्षी पूर्ण सोळा सामने आणि सोळा सॅक. 2012 सारखा हंगाम ताकदीवर काढता येतो. हा काठीवरच्या चेंडूकडे पुन्हा पहिल्यापासून बघत काढावा लागतो.

2021 मध्ये तो ह्यूस्टन सोडून ॲरिझोनाला गेला. पुढच्या वर्षी एका बुधवारी हृदयाचे ठोके बिघडले, गुरुवारी विजेचा झटका देऊन ते ताळ्यावर आणले आणि रविवारी तो खेळला. इतकं करायला हवं होतं का? बाप म्हणून मला वाटतं, नको होतं. त्या शेवटच्या हंगामात त्याने 12.5 सॅक केल्या. कारकिर्दीची बेरीज 114.5.

माझ्या मुलाने हायस्कूलनंतर फुटबॉल सोडला. त्याच्या उजव्या हाताचं मधलं बोट अजून सरळ होत नाही.