हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत बीडचा माणूस

तारामती मिळेना, ही ‘राजा हरिश्चंद्र’ या मूकपटाची सगळ्यात मोठी अडचण होती. १९१२ साली बोलपटही नव्हता, पण कॅमेऱ्यासमोर उभं राहायला एकही बाई तयार होईना. शेवटी दिग्दर्शक दादासाहेब फाळक्यांना ग्रँट रोडच्या एका खानावळीत काम करणारे अण्णा साळुंके दिसले. सडपातळ बांधा, नाजूक हात, तारामती सापडली. बायकांच्या भूमिका करणाऱ्या इतर पुरुषांना मिशा काढायला लावणं त्याहून अवघड गेलं, कारण बाप जिवंत असताना मिशी उतरवणं अशुभ मानलं जाई. शिवाय सिनेमातल्या माणसाला समाजात मान नव्हता. म्हणून फाळक्यांनी मंडळींना सांगून ठेवलं होतं, कुणी विचारलं तर हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहोत म्हणा.

परेश मोकाशींच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ या चित्रपटाचं नाव इथून आलं. बापू वाटव्यांनी लिहिलेलं फाळक्यांचं चरित्र वाचून रंगभूमीवरच्या या दिग्दर्शकाला पहिला चित्रपट सुचला. फाळक्यांची फरफट त्यांनी रडवेली केली नाही, हा त्यांचा मोठेपणा. विमा पॉलिसी गहाण टाकून लंडनला निघालेला, घरातलं सामान विकणारा हा माणूस मुळातच उत्साही होता. कर्जातही तो हसरा दिसतो, त्याचं वेडेपण प्रेक्षकाला आपलंसं वाटतं.

अशी भूमिका पेलायला मोकाशींनी नंदू माधव यांना निवडलं. मूळचे बीड जिल्ह्याचे, रंगभूमीवर घडलेले नट. तोवर बाजारात चालणारं नाव नव्हतं. मला ही निवड चित्रपटाचा प्राण वाटते. ओळखीचा चेहरा असता तर आपण त्या नटालाच पाहत बसलो असतो. नंदू माधव यांचे फाळके भराभर चालतात, डोळे विस्फारतात, पोराच्या कुतूहलाने प्रत्येक वस्तू उचलून पाहतात. मूकपटातली अंगविक्षेपांची विनोदी भाषा त्यांच्या हालचालींत आहे, पण नक्कल कुठेच नाही. शेजारी फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंच्या भूमिकेत विभावरी देशपांडे तितक्याच सहज. खऱ्या सरस्वतीबाई फिल्म धूत आणि अख्ख्या कंपनीचा स्वयंपाकही सांभाळत. त्यांच्या श्रमांची दखल या चित्रपटाने मनापासून घेतली.

पैसा उभा करताना मोकाशींवरही फाळक्यांचीच वेळ आली. निर्माता मिळेना, तेव्हा त्यांनी स्वतःची मालमत्ता गहाण ठेवली. नितीन चंद्रकांत देसाईंनी जुनी मुंबई उभी केली, संगीत आनंद मोडकांनी दिलं. २००८ साठीचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे ‘श्वास’नंतर ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका ठरलेला हा दुसरा मराठी चित्रपट. प्रदर्शन २९ जानेवारी २०१० रोजी.

नंदू माधव पुढे ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ या गाजलेल्या नाटकाचे दिग्दर्शक झाले. मराठवाड्याची माणसं सोबत घेऊन केलेलं ते काम स्वतंत्र लेखाचा विषय आहे. दुष्काळ आणि ऊसतोड एवढ्यावरच बीडची ओळख आटोपणाऱ्यांनी ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ एकदा पाहावा. जिल्ह्यातल्या शाळांनी तर तो मुलांना आवर्जून दाखवावा.