एक लिटर डिझेल, दहा हजार लिटर हवा

पीयूसी केंद्रावर जुना ट्रक येतो. सायलेन्सरमध्ये नळी जाते, गाडी न्यूट्रलला असते आणि आवाज येतो, "दाबा!" ॲक्सिलरेटर तळाला टेकतो, इंजिन गर्जतं, काळा लोट उठतो. असं तीन-चारदा. मापायची रीत किती साधी आहे बघा! नळीतून ओढलेल्या धुरात एका टोकानं प्रकाश सोडायचा आणि दुसऱ्या टोकाला किती पोचला ते पाहायचं. बीएस-४ च्या आधीच्या डिझेल गाड्यांना मर्यादा ६५ हार्ट्रिजची, म्हणजे ४३ सेंटिमीटर धुरानं शंभरातला पासष्ट भाग प्रकाश अडवला तर चालतो, त्यापुढे गाडी नापास.

काळा धूर म्हणजे जळायचा राहिलेला कार्बन. तो का राहिला, हे कळायला एक हिशोब पुरतो. डिझेल पुरतं जळायला वजनाच्या साधारण साडेचौदा पट हवा लागते. हवा किती हलकी! म्हणजे एका लिटरला किमान दहा हजार लिटर हवा हवी. उन्हाळ्यात गावोगाव पाणी नेणारा मोठा टँकर आठवा. तेवढी हवा, एकेका लिटरमागे, एअर फिल्टरच्या कागदी घड्यांमधून जाते. उसाच्या फडातला फुफाटा त्या घड्यांत बसला की इंजिन गुदमरणारच. म्हणून शोध तिथून सुरू करावा. टर्बो असेल तर त्याचे होज पाईपही बघावेत. ते फाटले की दाबलेली हवा वाटेतच निसटते.

खरी करामत मात्र पुढे आहे. डिझेल इंजिनात ठिणगी नसतेच. पिस्टन हवेला सोळा-सतरा पट दाबतो, ती पाचशे अंशांच्या वर तापते, आणि त्या तप्त हवेत नोझल डिझेल फवारतं. मिनिटाला १५०० फेरे असतील, तर पिस्टन वरून खाली यायला सेकंदाचा पन्नासावा भाग लागतो. थेंबाची वाफ व्हायची, ती हवेत मिसळायची, पेटायची आणि जळून संपायची, ते एवढ्यात. पापणी लवायलाही याच्या पाचपट वेळ लागतो! म्हणून थेंब धुक्याइतके बारीक हवेत. नोझल झिजलं की थेंब जाड होतात, पुरते जळत नाहीत आणि काजळी उरते. डिझेल इंजेक्शन पंपाचा मिस्त्री नोझल टेस्टरवर चढवून दांडा मारतो, तेव्हा चांगलं नोझल कर्रकर्र वाजत धुकं सोडतं; बिघडलेलं धार सोडतं, नाहीतर टोकाशी थेंब लोंबतो. त्या फवाऱ्यापुढे हात कधीच धरू नये, डिझेल कातडीत घुसतं.

पांढरा धूर गार इंजिनात चालतो. गरम झाल्यावरही राहिला, तर डिझेल फवारण्याचं टायमिंग किंवा कॉम्प्रेशन तपासावं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय; मग रिंगा, लायनर, टर्बोचं सील यांचा खर्च टळत नाही.

चाचणीपुरता पंपाचा स्क्रू पिळून डिझेल तोडायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सोडायचं, हे मला मुळीच मान्य नाही. डिझेलचा धूर माणसाला कर्करोग करतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१२ साली जाहीर केलं, आणि तो धूर सर्वांत आधी ट्रक चालवणाऱ्याच्याच छातीत जातो. आधी फिल्टर बघा, मग नोझल, मग टायमिंग. आणि केंद्रावर जाल तेव्हा इंजिन चांगलं तापवून जा.