अधिक ऑक्टेनचे पेट्रोल : गरज की हौस?

पेट्रोलपंपावर आजकाल एकाच नव्हे, तर दोन-तीन प्रकारचे पेट्रोल मिळते. एक साधे आणि बाकीचे त्याहून महाग. महाग पेट्रोलच्या फलकावर ९५, ९७, ९९ किंवा १०० असा आकडा ठळक अक्षरांत लिहिलेला असतो. परीक्षेत १०० गुण मिळवणारा विद्यार्थी ९१ गुण मिळवणाऱ्यापेक्षा सरस. ह्याच न्यायाने १०० आकड्याचे पेट्रोलही सरस असले पाहिजे, असा पुष्कळांचा समज होतो. मग घरच्या मोटारसायकलला 'चांगलेचुंगले' मिळावे ह्या मायेने मंडळी लिटरमागे काही रुपये जास्त मोजतात. ह्या मायेचा मोटारसायकलला काही उपयोग होतो का, हे आपण शास्त्राच्या आधारे पाहू.

प्रथम इंजिनात काय घडते ते लक्षात घेतले पाहिजे. सिलिंडरमध्ये पेट्रोलची वाफ आणि हवा ह्यांचे मिश्रण शिरते. दट्ट्या, म्हणजेच पिस्टन, वर येऊन ते मिश्रण दाबतो. नेमक्या क्षणी स्पार्क प्लगची ठिणगी पडते, ज्योत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पसरते आणि तापलेले वायू दट्ट्याला खाली ढकलतात. मिश्रण जितके अधिक दाबावे तितके त्याच पेट्रोलमधून अधिक काम मिळते. मूळ आकारमानाच्या कितव्या हिश्श्यापर्यंत मिश्रण दाबले जाते, ते सांगणाऱ्या प्रमाणास संपीडन गुणोत्तर म्हणतात. १९०८ साली निघालेल्या फोर्ड कंपनीच्या 'मॉडेल टी' मोटारीत ते सुमारे ४ होते. आजच्या साध्या मोटारसायकलींत ते १० च्या आसपास असते.

मग मिश्रण हवे तितके का दाबू नये? सायकलच्या चाकात हवा भरताना पंप गरम होतो, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. दाबाने वायू तापतो. ज्योत पसरत असताना पुढचे न जळलेले मिश्रण अधिकच दाबले जाते व तापते. ते फार तापले, तर ज्योत पोहोचण्यापूर्वीच आपोआप पेट घेते. ह्या अकाली भडक्याने दाबाच्या लाटा सिलिंडरच्या भिंतींवर आदळतात आणि टकटक असा धातूचा आवाज येतो. मेकॅनिक ह्याला 'नॉकिंग' म्हणतात. वरच्या गिअरमध्ये गाडी तशीच घाटात रेटली म्हणजे हा आवाज विशेष जाणवतो. तो दीर्घकाळ चालला तर दट्ट्याची खराबी होते.

ऑक्टेन अंक म्हणजे अशा अकाली पेटण्यास पेट्रोल किती विरोध करते, त्याचे माप होय. आयसो-ऑक्टेन हा द्रव सहजी अकाली पेटत नाही, म्हणून त्याला १०० अंक दिला. हेप्टेन चटकन पेटतो, म्हणून त्याला शून्य. चाचणीच्या इंजिनात जे पेट्रोल ९१ भाग आयसो-ऑक्टेन आणि ९ भाग हेप्टेन ह्यांच्या मिश्रणासारखे वागते, त्याचा ऑक्टेन अंक ९१. तात्पर्य, हा आकडा संयमाचा आहे, शक्तीचा नव्हे.

ह्याचे उत्तम उदाहरण इथेनॉलचे. उसापासून व धान्यापासून तयार होणाऱ्या ह्या द्रवाचा ऑक्टेन अंक १०० हून अधिक आहे. परंतु एका लिटर इथेनॉलमधील ऊर्जा एका लिटर पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांशच भरते. बेळगाव, कोल्हापूरकडील साखर कारखान्यांमुळे हे नाव आपल्या परिचयाचे आहेच. २०२५ साली आपल्या देशाने पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले. सरकारी निवेदनानुसार ह्या मिश्रणाचा ऑक्टेन अंक ९५ आहे. म्हणजे ऑक्टेन वाढला, पण लिटरमागील ऊर्जा मात्र थोडी घटली!

मग अधिक ऑक्टेनचे पेट्रोल निरुपयोगीच म्हणावे काय? मुळीच नाही. १९४० साली ब्रिटनवरील हवाई युद्धात स्पिटफायर व हरिकेन विमानांना १०० ऑक्टेनचे इंधन मिळाले आणि त्यांच्या इंजिनांची शक्ती वाढली. परंतु ती केवळ इंधन बदलल्याने नव्हे. त्या इंधनाच्या बळावर इंजिनात अधिक दाबाने हवा भरता येऊ लागली म्हणून. इंजिन त्या संयमाचा लाभ घेणारे असेल, तरच त्याची किंमत मोजण्यात अर्थ आहे. आजही टर्बोचार्जर बसवलेल्या काही मोटारी आणि उच्च संपीडनाच्या शर्यतीसारख्या मोटारसायकली अशा असतात. त्यांतील बऱ्याच इंजिनांत नॉकिंग ओळखणारे उपकरण असते. हलके पेट्रोल मिळाले तर ते ठिणगीची वेळ पुढे ढकलून इंजिन वाचवते, मात्र त्यामुळे शक्ती घटते. अशा गाड्यांना कंपनीने सांगितलेले पेट्रोलच घालावे.

साध्या इंजिनाचे तसे नाही. जिथे नॉकिंग होतच नाही, तिथे त्याला अधिक विरोध करून काय मिळणार? अमेरिकेतील अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशन ह्या संस्थेने २०१६ साली साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या मोटारींत अधिक ऑक्टेनचे पेट्रोल घालून शक्ती, इंधनाचा खप व धूर ह्यांचे मोजमाप केले. त्यांत लक्षणीय फायदा आढळला नाही. काही महाग पेट्रोलांत इंजिन स्वच्छ ठेवणारी द्रव्ये घातलेली असतात. तो गुण वेगळा आणि ऑक्टेन वेगळा, हेही ध्यानात ठेवावे.

आता थोडा हिशेब. समजा, साधे पेट्रोल १०० रुपये लिटर व महाग पेट्रोल १०८ रुपये लिटर आहे. साध्या पेट्रोलवर गाडी लिटरला ५० किलोमीटर जात असेल, तर महाग पेट्रोलवर ती ५४ किलोमीटर गेली तरच खर्च बरोबरीत येईल. ती ५० च गेली, तर महिन्याला २० लिटर पेट्रोल वापरणाऱ्या कुटुंबाचे वर्षाकाठी १,९२० रुपये व्यर्थ जातात. एवढ्या पैशांत घरातील एका मुलाच्या वर्षभराच्या वह्या सहज याव्यात.

विद्यार्थिमित्रहो, ह्याची परीक्षा तुम्हांला घरीच घेता येईल. टाकी पूर्ण भरल्यावर किलोमीटरचा आकडा वहीत टिपून ठेवा. पुढच्या वेळी पुन्हा टाकी पूर्ण भरा. लागलेले लिटर आणि झालेले किलोमीटर ह्यांचा भागाकार करा. प्रत्येक प्रकारच्या पेट्रोलवर असे तीन-चार वेळा करून सरासरी काढा. रस्ता, ओझे व चाकांतील हवा सारखी असावी, नाहीतर तुलना फसेल. त्याआधी गाडीसोबत मिळालेली पुस्तिका उघडून तीत कोणता ऑक्टेन अंक सांगितला आहे ते वडीलधाऱ्यांना वाचून दाखवा. सांगितलेल्या अंकापेक्षा कमी पेट्रोल घालणे हे इंजिनावर अन्याय करणे होय, आणि गरज नसता जास्त अंकाचे घालणे हा आपल्याच खिशावरचा अन्याय. साध्या पेट्रोलवरही टकटक ऐकू येऊ लागली, तर ती महाग पेट्रोलने दडपण्याऐवजी मेकॅनिककडून इंजिन तपासून घ्यावे. सिलिंडरमध्ये साचलेली काजळी हेही तिचे एक कारण असू शकते.

मोटारसायकलला आपली माया कळत नाही; तिला नियमित तेलपाणी, चाकांत पुरेशी हवा आणि तिच्या मगदुराचे पेट्रोल एवढेच हवे असते.