समितीत पालक, हाती संयुक्त अनुदान

नागपूर जिल्हा परिषदेच्या आणि महापालिकेच्या शाळांमध्ये पालकांना कारभारात कायदेशीर स्थान आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण निम्म्या महिला असाव्या लागतात. विकास आराखडा करणे, अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवणे ही समितीची कामे. २०१८ पासूनच्या समग्र शिक्षा योजनेत संयुक्त शाळा अनुदान पटानुसार ठरते: ३० पर्यंत १० हजार, ३१ ते १०० पटाला २५ हजार रुपये. किमान दहा टक्के रक्कम स्वच्छतेसाठी असते. उरलेल्यात खडू, वीजबिल, किरकोळ दुरुस्ती भागते. रक्कम तुटपुंजी असल्याने आधी नळ की फळा, हे पालकांनीच बैठकीत ठरवणे महत्त्वाचे ठरते.