मधले नाव

आईने 1971 साली दुसरे लग्न केले तेव्हा मी आठ वर्षांची होते. वडील जाऊन तीन वर्षे झाली होती. विधवाविवाहाचा कायदा 1856 चा. पण आमच्या वाड्यापर्यंत तो पोहोचलाच नव्हता! आजी महिनाभर आईशी बोलली नाही. शेजारच्या काकूंनी माझ्या तोंडावरून हात फिरवत ‘पोर सावत्र बापाच्या हाती गेली’ म्हटलेले अजून आठवते.

ते भुसावळला मालगाडीवर गार्ड होते. रात्री-अपरात्री बोलावणे आले, की झेंडे, दिवा घेऊन निघत. पहाटे परत आले, की झोपण्याआधी माझ्या कंपासपेटीतल्या सगळ्या पेन्सिलींना टोक काढून ठेवत. बोलणे बेताचेच. मी त्यांना ‘काका’ म्हणे आणि त्यांनीही ‘बाबा म्हण’ असा आग्रह कधी धरला नाही.

पाचवीला शाळा बदलली. फॉर्म भरताना कारकुनाने विचारले, “वडिलांचे नाव तुमचेच घालू ना?”

“नको. मधले नाव तिच्या वडिलांचेच राहू द्या. पालक म्हणून सही मी करतो.”

मला रडू कोसळले. नाव एक झाले असते तर वर्गातल्या चौकशा थांबल्या असत्या. मला वाटले, यांना मी आपली नकोच आहे. हा सल कितीतरी वर्षे मनात राहिला.

माझी मुले झाली आणि हाच अबोल माणूस पार बदलला. आईने जुन्या परकराच्या कापडाचे दोन झेंडे शिवून दिले होते. सुट्टीत आजोळी गेलेली मुले आजोबांनी हिरवा झेंडा दाखवल्याशिवाय जेवायलासुद्धा उठत नसत.

2006 मध्ये काका गेले. कपाटात मृत्युपत्र सापडले. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे, मृत्युपत्र नसेल तर पत्नीची आधीच्या लग्नाची मुले सावत्र वडिलांची वारस ठरत नाहीत. नियमांचे पुस्तक पाठ असलेल्या माणसाने हेही बघून ठेवले होते. दोन साक्षीदारांच्या सह्या, आणि वर त्यांच्या ठसठशीत अक्षरात ‘माझी मुलगी’. पुढे माझे माहेरचे पूर्ण नाव, मधल्या नावासकट.

मी आईला शाळेतल्या फॉर्मचे विचारले. ती म्हणाली, “अगं, तेव्हाच विचारायचंस. ते म्हणाले होते, गेलेल्या माणसाचं पोरीजवळ तेवढंच उरलंय, ते मी कसं काढून घेऊ?”

2022 साली सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात, पुनर्विवाहानंतर मुलाचे आडनाव ठरवण्याचा हक्क आईचा असल्याचे सांगितले. कागदोपत्री नव्या पतीची नोंद ‘सावत्र वडील’ अशी करायला लावणे जवळजवळ क्रूरपणाचे आहे, असेही म्हटले. बातमी वाचताना ध्यानात आले, तो शब्द काकांच्या तोंडून मी कधी ऐकलाच नव्हता.

हिरवा झेंडा माझ्या मुलाने पुण्याला नेला आहे. लाल कोणाचा, यावर बहीण-भावांचे अजून भांडण चालू आहे.